दगडातून जन्मलेला देव : ग्रंथ नसताना मूर्ती वाचायची कशी?

रोमच्या सान क्लेमेंते चर्चखाली मिथ्रास या देवाचं गुहेसारखं मंदिर आहे. तिथल्या एका मूर्तीत हा देव खडकातून वर येतोय. हा त्याचा जन्म. पण तो बाळ नाही, चांगला तरुण आहे. अशा मूर्तींत बहुधा अंग उघडं, डोक्यावर पुढे झुकलेली टोपी, एका हातात खंजीर आणि दुसऱ्यात मशाल असते.

वेरूळचं १५ क्रमांकाचं लेणं पाहिलेल्याला लगेच लिंगोद्भव शिव आठवेल. आठवू द्या, पण तिथेच थांबा. लिंगोद्भवाची कथा पुराणांत आहे, त्यामुळे शेजारचे ब्रह्मा-विष्णू आपण ओळखतो. मिथ्रासचा पंथ दीक्षा घेतलेल्यांपुरता होता. त्याची जन्मकथा सांगणारा पंथाचा स्वतःचा ग्रंथ आपल्यापर्यंत आलेलाच नाही. खडकातून जन्म झाल्याचा उल्लेख मिळतो तो जस्टिनसारख्या ख्रिस्ती लेखकांकडे, म्हणजे विरोधकांकडे!

मग मोह होतो नावाचा. ऋग्वेदात मित्र, अवेस्तात मिथ्र; लावा तिथला अर्थ. फ्रान्झ क्यूमाँ या मोठ्या अभ्यासकानं रोमन शिल्पांचा अर्थ इराणी परंपरेतून लावला आणि तो बरीच दशकं चालला. १९७१च्या मँचेस्टर परिषदेत या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतले गेले. अवेस्तातल्या मिथ्रच्या स्तोत्रात खडकातून जन्म नाहीच.

त्यापेक्षा शिल्पाशेजारी शिल्प ठेवून बघा. काही वेदींवर लॅटिनमध्ये 'जन्मदात्री शिळेला' असं अर्पण कोरलंय. म्हणजे खडक ही नुसती बैठक नाही, तीच आई. इंग्लंडमधल्या हाउसस्टेड्सच्या शिल्पात तर मिथ्रास अंड्यासारख्या आकारातून निघतो आणि भोवती राशिचक्राचं कडं आहे. या जन्माचा आकाशाशी संबंध जोडायला हा पुरावा मला कुठल्याही नामसाधर्म्यापेक्षा भक्कम वाटतो.

परंड्यात बसून रोम कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: आपल्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे रोमन व्यापाराच्या काळातलं तगर. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी जुळते. पॉम्पेईच्या मूर्तीला आधी 'लक्ष्मी' म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. ग्रंथ नाही, लेख नाही, आणि नाव मात्र आधी चिकटलं. तेरच्या संग्रहालयात जाल तेव्हा पाटी वाचण्याआधी मूर्तीचे दागिने, केशरचना, हातांची ठेवण वहीत उतरवा. नाव सगळ्यात शेवटी लिहा.