वैनगंगेकाठचा इंग्रजीचा तास

फळ्यावर एक साधे वाक्य आहे : ‘मी आंबा खाल्ला.’ ते इंग्रजीत करायचे आहे. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलतात, त्याला ‘मी’ला काही जोडावे लागत नाही. शेजारी बसलेला हिंदी बोलणारा मुलगा ‘मैंने’ म्हणतो. त्याच्या ‘मैं’ला ‘ने’ लागतो. दोघांचेही क्रियापद आंब्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीत ‘ने’ही नाही आणि आंब्याला लिंगही नाही, पण आंब्याआधी ‘अ’ लावायचा की ‘द’, हा नवाच प्रश्न उभा राहतो आणि क्रियापद शेवटची जागा सोडून मधे येऊन बसते. एका ओळीत तीन व्याकरणे! विसाव्या शतकाच्या मध्याला बालाघाटसारख्या गावात इंग्रजीचा तास भरे, तो असा तीन भाषांच्या वेशीवर.

ही वेस कशी पडली, ते जिल्ह्याच्या जन्मातच आहे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. गावाचे जुने नाव बुऱ्हा. भंडाऱ्याकडून आलेल्या मुलखात मराठी होतीच. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवारांच्या घरी पोवारी, वर बैहरच्या पठारावर गोंडी आणि बैगांची बोली, कचेरीत आणि बाजारात हिंदी. लांजी-वारासिवनीच्या बाजूला तर एकाच गल्लीत दोन-तीन बोली ऐकू याव्यात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-जबलपूर ही अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली आणि सुमारे चाळीस किलोमीटरवरचे गोंदिया, तिथून नागपूर, बालाघाटच्या आवाक्यात आले.

शिकणाऱ्या मुलाची वाटही त्याच दिशेने जाई. बालाघाट ज्या मध्य प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर. हायस्कुलांची परीक्षा घेणारे मंडळ १९२२ च्या कायद्याने तिथलेच, आणि १९२३ पासून विद्यापीठही तिथलेच. चार इयत्ता प्राथमिक, त्यापुढे मिडल, मग हायस्कूल आणि अकरावीला मॅट्रिक, अशी ती शिडी होती. इंग्रजी साधारण पाचवीत भेटे. पुढे बाकीचे विषय हिंदी-मराठीतून शिकवण्याकडे प्रांत वळला, पण इंग्रजीचे वजन घटले नाही. नोकरी, वकिली, कॉलेज, सगळ्यांच्या दारावर तीच उभी होती.

त्या तासाची साधने थोडी होती. चार रेघी वही, टाक, दौत, खडू आणि फळा. पण त्याची पद्धत ठरलेली आणि कसलेली होती. आधी शिक्षक धडा मोठ्याने वाचत, मग मुले एकापाठोपाठ एक वाचत. फळ्यावर शब्दार्थ उतरत, दुसऱ्या दिवशी ते पाठ करून यायचे. मग शुद्धलेखन, क्रियापदांची तीन रूपे, कर्तरीचे कर्मणी, प्रत्यक्ष बोलण्याचे अप्रत्यक्ष, रजेचा अर्ज, निबंध. आणि सर्वांत महत्त्वाचे भाषांतर : इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मराठी घरांत यासाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. एकेक नियम, त्याखाली वाक्ये, आणि ती करून झाल्याशिवाय पुढचा धडा नाही. वरच्या वर्गांत रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. १९३० च्या दशकातले हे पुस्तक या देशातल्या शाळांसाठीच लिहिलेले होते. त्यातले पी. सी. रेन शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ; ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरीही त्यांचीच.

या पद्धतीला पुढे नावे ठेवली गेली, आणि काही दोष खरेच होते. मुले वाक्य बिनचूक लिहीत, पण साहेबासमोर बोलायची वेळ आली की अडखळत. कान तयार होत नसे, कारण इंग्रजी ऐकायला मिळे ती बहुधा गुरुजींच्याच तोंडून. पण तिचे बळही ओळखले पाहिजे. भाषांतर करताना मुलाला आधी स्वतःची भाषा नीट पाहावी लागे. मराठीत ‘आपण’ वेगळे आणि ‘आम्ही’ वेगळे. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’ चालतो, इंग्रजीतही एकाच शब्दावर भागते. ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, इंग्रजीत प्रश्नच नाही. ‘ज’चे दोन उच्चार मराठी मुलाच्या जिभेवर आधीपासून असत, म्हणून ‘झू’सारखा शब्द त्याला तुलनेने जवळचा वाटे, हिंदी मुलगा त्याचा ‘जू’ करी. हे भेद समजावून देणारा शिक्षक एका तासात तिन्ही भाषांचे व्याकरण शिकवत असे.

त्याच काळात इतरत्र काय चालले होते? पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा रुजली होती आणि तिथल्या अभ्यासकांपैकी इरावती कर्वे बर्लिनला, रा. ना. दांडेकर हायडेलबर्गला जाऊन संशोधन करून आले. अमेरिकेत सोव्हिएत रशियाच्या स्पुटनिक उपग्रहानंतर १९५८ मध्ये खास कायदा झाला, विज्ञान-गणिताबरोबर परकीय भाषांसाठीही पैसा आला आणि हायस्कुलांत टेपरेकॉर्डर व कानाला लावायचे हेडफोन असलेल्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तिथल्या मुलाला फ्रेंच जमली नाही तर त्याचे फारसे अडत नसे. बालाघाटच्या मुलाचे इंग्रजीत अडले, तर मॅट्रिक अडे.

इकडे बालाघाटात १९५६ ने चित्र पालटले. त्याआधी, १९५० च्या कायद्याने, हिंदी आणि मराठी या दोन्ही त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्याच्या राजभाषा होत्या; नागपुरात डॉ. रघुवीर दोन्ही भाषांना चालेल असा कारभाराचा शब्दसंग्रह घडवत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. रेल्वे तीच, बाजार तोच, सोयरिकी त्याच; पण शाळेपुरती मराठी परकी झाली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. कलम घटनेत आहे, तरी सीमेवरच्या घरांत मराठी हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरत गेली. पोवारी आणि गोंडीच्या वाट्याला तर वर्गात जागा कधी आलीच नव्हती.

इथे शामराव हिवाळे यांची आठवण होते. हे मराठी गृहस्थ इंग्रज अभ्यासक व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर शेजारच्या मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहिले. दोघांनी गोंडांची गाणी गोळा करून इंग्रजीत आणली. त्यांचा ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ हा संग्रह १९३५ मध्ये निघाला. एल्विन यांचा बैगांवरचा ग्रंथ १९३९ चा. शाळेने ज्या बोलींना दाराबाहेर ठेवले, त्याच बोली या पुस्तकांतून इंग्रजीत पोचल्या. इंग्रजी शिकण्याचा याहून मोठा उपयोग मला दिसत नाही : आपले माणूस, आपले गाणे जगापुढे ठेवता येणे.

म्हणून त्या जुन्या तासाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घोकंपट्टी गेली, बरे झाले. पण तिच्याबरोबर दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवयही आपण टाकून दिली, ती मात्र चूक झाली. आज गोंदिया असो की बालाघाट, पालक पहिलीपासून इंग्रजी माध्यम शोधतात आणि घरची बोली लपवायला शिकवतात. २०२० च्या शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिकवा असे म्हटले आहे. ते वर्गात उतरवणे शिक्षकांच्या हाती आहे. सीमेवरच्या शिक्षकांना एवढीच विनंती : इंग्रजीचे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधी वर्गाला विचारा, हे तुमच्या घरी कसे म्हणतात? मराठीत, पोवारीत, गोंडीत, हिंदीत जी उत्तरे येतील, ती सगळी फळ्यावर लिहा. मग त्यांच्या शेजारी इंग्रजी लिहा.