बेझ्याच्या पाण्यावर गळ

गळ टाकून बसणं म्हणजे संयमाची परीक्षा, असं कधीही गळ न टाकलेले लोक सांगतात. जो टाकतो त्याला विचाराल तर तो म्हणेल, दोन तासांत पाठ टेकायला सवड मिळत नाही. पीठ मळा, खोली मोजा, वारा फिरला की जागा बदला, खेकड्यानं चारा कुरतडला का ते बघा. सातपूरची पहिली पाळी साडेतीनला सुटली की मी त्र्यंबक रस्त्याला लागतो, उजव्या हाताच्या फाट्यानं बेझ्याकडे वळतो आणि गौतमी-गोदावरी धरणाच्या फुगवट्यावर जागा धरतो. एका अंगाला अंजनेरी, मावळतीला ब्रह्मगिरी. कोजागिरीनंतरचे दिवस त्यासाठी उत्तम. पावसाचा गढूळपणा बसलेला असतो आणि कडाक्याची थंडी अजून लांब असते. पाणी गार झालं की इथले मासे खायलाच आळसावतात.

धरण भरलं की १,८६८ दशलक्ष घनफूट. खालचं गंगापूर ५,६३० चं. नाशिकच्या नळाला येतं ते मुख्यतः गंगापूरचं पाणी, आणि गंगापूरला भर घालायची ती इथून आणि काश्यपी धरणातून. त्यामुळे वरून पाणी सोडलं की काठ सरकतो. काल जिथे कमरेएवढं होतं तिथे आज चिखल. म्हणून पहिलं काम खोली मोजण्याचं. शिशाचा जड तुकडा गळाला अडकवून टाकायचा. पीस बुडालं तर वर सरकवायचं, आडवं पडलं तर खाली. पीस म्हणजे मोरपिसाचा खालचा पांढरा दांडा, टोकाला लाल नेलपॉलिश लावलेला. पाण्याबाहेर दोन बोटं उभा दिसला की खोली जमली.

मग पीठ. कणीक, शेंगदाण्याची पेंड, भाजून कुटलेली बडीशेप, किंचित गूळ. पाणी चमच्यानं घालावं. एकदा सैल झालं की ते पीठ वाया गेलं. शेवटी कापसाचे पिंजलेले धागे त्यात मळायचे. हे नवख्यांना कोणी सांगत नाही. कापूस नसला तर गोळी पाण्यात पडतानाच सुटते आणि माणूस रिकाम्या गळाकडे बघत तास काढतो. गोळी बोरापेक्षा लहान हवी, गळाचं टोक आत दडलेलं, पण जोराचा हिसका बसताच बाहेर येईल इतकंच.

यापुढे सगळं त्या लाल टोकावर. चिलापी आली की पीस नुसतं थरथरतं आणि बाजूला घरंगळतं. खेकडा असला तर हळूच चार बोटं सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. रोहू एकदोनदा डुबकी देतो आणि मग पीस तिरकं होऊन ठाम निघून जातं. मृगळ तळाशी चरणारा. तो चारा उचलतो तेव्हा शिशाचा भार सुटतो आणि पीस वर येऊन आडवं होतं. वर येतंय म्हणजे मासा गेला, असं समजून नवखा तिथेच हात खाली टाकतो. कटला वरच्या थरातला, त्याचं तोंडही वर वळलेलं. त्याच्यासाठी खोली कमी करावी लागते. या तिघांच्या जबड्यात दात नसतात, असतात ते घशात. चारा ओढून घ्यायचा, चाचपायचा, पटला नाही तर थुंकायचा, ही त्यांची रीत. हिसका द्यायचा तो ओढणं आणि थुंकणं यांच्या मधे.

इंग्रजांच्या पुस्तकांतला ट्राउट आणि त्याच्यासाठी पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी इथे कामाची नाही. त्याला वीस अंशांच्या आतलं थंड पाणी लागतं, म्हणून त्यांनी तो काश्मीरला आणि निलगिरीला नेला. मद्रासचा सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानं १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहून महसीरची तारीफ केली. दख्खनच्या महसीरची, आपल्या खडसाची, शास्त्रीय नोंद त्याआधीच, १८३९ मध्ये, विल्यम साइक्सनं केली होती. त्याची पैदास लोणावळ्याजवळ वळवणला टाटांनी हाती घेतली. माझ्या गळाला मात्र तो कधी लागलेला नाही.

इथे लागतो तो रोहू, आणि त्याचंही मूळ उत्तरेकडचं, गंगेच्या खोऱ्यातलं. त्र्यंबकात गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा तो उपरा आहे असं इथे कोणी म्हणणार नाही! साठलेल्या पाण्यात तो अंडी देत नाही, त्याला पुराचा प्रवाह लागतो. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून हवं तेवढं मत्स्यबीज मिळू लागलं. धरणात सोडलेली बोटुकली वाढते ती ठेकेदार संस्थेच्या जाळ्यासाठी. गळवाल्यानं आधी त्यांना विचारून बसावं.

ते जाळं सोडणारे एक मामा संध्याकाळी ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून हातानं वल्हवत निघतात. माझं काम सुटतं तेव्हा त्यांचं सुरू होतं. जाळं रात्रभर पाण्यात, उचलायचं पहाटे. बारीक आसाच्या जाळ्यावर त्यांचा राग आहे, कारण त्यात बोटुकलीच संपते. धरणाखाली गेलेल्या शेतांचे बांध कुठून कुठवर आहेत हे त्यांना तोंडपाठ, कारण त्यांचं जाळं तिथेच फाटतं. मृगळही त्याच बांधांच्या कडेनं. गेल्या खेपेला रोहू लागला, काठीचा शेंडा पाण्यापर्यंत वाकला, रीळ कर्रकन फिरू लागलं आणि मी ते हातानं दाबून धरायला गेलो. मामा पाण्यातून ओरडले, “भाऊ, धरू नका! पळू द्या, दमू द्या त्याला. तंगूस तुटंल.” दोनदा काठाशी आला, दोनदा परत आत गेला. तिसऱ्यांदा कुशीवर आला तेव्हा हातजाळी खाली घातली.

मरळीच्या वाटेला मात्र मी एका काळात जात नाही. ती हवेतला श्वास घ्यायला वर येते, त्यामुळे दिसतेही सहज. पिल्लं असली की त्यांचा तांबडा पुंजका पाण्यावर फिरतो आणि मरळ खाली पहारा देते. त्या पुंजक्याजवळ रबरी बेडूक नाचवला की ती भुकेनं नाही, रागानं झडप घालते. ती उचलली की बाकीचे मासे तासाभरात सगळी पिल्लं गिळतात. अशी मरळ हातात धरून फोटो काढणारे मला आवडत नाहीत.

घरी मृगळ नेला की काट्यांवरून बोलणी बसतात. चिलापीचं तसं नाही. मीठ, हळद, आलं-लसूण, तांदळाची पिठी, आणि तवा. १९५२ मध्ये परदेशातून आणलेला हा मासा वर्षातून अनेकदा पिल्लं काढतो आणि दुसऱ्यांच्या वाट्याचं खातो, तेव्हा तो परत पाण्यात सोडण्यात काही पुण्य नाही. मामा तर म्हणतात, चिलापी सोडणाऱ्याकडून दंड घ्यावा.