जुनी हातअवजारे भंगारात देण्यापूर्वी : पारख, दुरुस्ती आणि नोंद

पानिपतजवळील काला अंब हे स्थळ मराठी वाचकास १४ जानेवारी १७६१ च्या युद्धामुळे परिचित आहे. तेथील आंब्याचे झाड वठल्यावर त्याच्या लाकडाचा दरवाजा करून तो जतन करण्यात आला, असे सांगितले जाते. भोवतालच्या गहू-भात पट्ट्यातील हातअवजारांच्या वाट्याला मात्र अशी जपणूक क्वचितच येते. कापणी कंबाइनने होऊ लागल्यापासून दरांती म्हणजे विळा, चारा तोडण्याचा गंडासा, मातीकामाची कस्सी ही अवजारे अडगळीत पडतात. वाटणी झाली किंवा जुने घर पाडले, की ती वजनावर विकली जातात. महाराष्ट्रात वाडे पाडताना हेच घडते. भंगाराच्या काट्यावर उत्तम पोलाद आणि साधे लोखंड यांत फरक केला जात नाही. म्हणून खरेदीपूर्वी पारख आवश्यक ठरते.

काय घ्यावे, काय टाळावे

कुदळ, कुऱ्हाड, पहार यांसारखी जाड, घडीव अवजारे जुनी घेणे सहसा फायद्याचे असते. अनेक जुन्या कुऱ्हाडींत मऊ लोखंडाच्या अंगात पोलादी धार बसविलेली आढळते. कापणीच्या विळ्याबाबत मात्र जुने ते सोने असे मानू नये. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा आणि दापोली कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा हे सुधारित दातेरी विळे श्रम कमी करतात. झिजून अरुंद झालेला जुना विळा केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये.

पारख कशी करावी

• अवजार दोरीने टांगून हलके ठोकावे. स्वच्छ नाद आल्यास अंग अखंड असण्याची शक्यता जास्त असते. बद्द आवाज आल्यास तड्याचा संशय घ्यावा.
• संशयास्पद जागी रॉकेल लावून काही मिनिटांनी पुसावे व वर खडूची पूड लावावी. तडा असल्यास त्यात मुरलेले रॉकेल रेषेच्या रूपाने उमटते.
• धारेवर कानस चालवून पाहावी. ती सहज रुतत असल्यास पोलाद मऊ आहे किंवा त्याचे पाणी उतरले आहे, असे समजावे.
• दांडा बसविण्याच्या भोकाच्या कडा फाकलेल्या किंवा वेल्डिंग केलेल्या असल्यास अवजार टाळावे. काम करताना पाते निसटल्यास गंभीर इजा होते.
• दांड्याच्या छिद्रांखाली ताजा भुसा दिसल्यास कीड जिवंत आहे, असे समजून दांडा बदलावा.

दुरुस्ती

गंज काढण्यासाठी लोखंडी भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावा. नंतर तारेच्या ब्रशने घासून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा आणि लगेच कोरडा करून तेल लावावे. वेगाने फिरणाऱ्या सहाणेवर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. धारेवर निळी झाक आली, तर पोलादाचे पाणी उतरले असे जाणावे. अशा वेळी जाणत्या लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावे. नवा दांडा बाभळीचा किंवा शिसवीचा, गाठी नसलेला व लांबीच्या दिशेने सरळ रेषा असलेला निवडावा. त्याची लांबी वापरणाऱ्याच्या उंचीनुसार ठेवल्यास कमरेवरील ताण कमी होतो. जुने अवजार हाताळताना हातमोजे घालावेत. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यामुळे लस वेळेवर घेतलेली असावी.

कायदा व नोंद

घरातील जुने अवजार विकत घेणे वेगळे आणि जमिनीत सापडलेली वस्तू ठेवून घेणे वेगळे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. युद्धभूमीच्या परिसरात नांगरणी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

प्रत्येक अवजार पुन्हा वापरात येईलच, असे नाही. जे येणार नाही, ते घासूनपुसून चकचकीत करू नये. त्यावरील लोहाराची खूण टिकू द्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी अशा अवजाराचे स्थानिक नाव, वजन, मापे, लाकडाची जात व वापराची पद्धत गावातील वृद्धांकडून विचारून लिहून घ्यावी आणि छायाचित्र काढावे. लोखंड भट्टीत वितळले, तरी नवे अवजार घडविता येते. पण ते का व कसे घडविले होते, याची माहिती जाणत्या माणसांबरोबर गेली, तर ती पुन्हा मिळत नाही.