गुड न्यूज... आणि शुगर!

ऑफिसात गुड न्यूज फुटली की आधी पेढे येतात. मग घरून रोजचा फोन, 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा!' अशा गोड माहोलात सहाव्या महिन्यात रिपोर्ट हातात पडतो, शुगर १५२. आणि डोक्यात एकच किडा, 'मी गोड जास्त खाल्लं का?'

रिलॅक्स. दोष एकट्या पेढ्यांचा नाही. खरा खेळ आहे हॉर्मोन्सचा.

बाळाला पोसणारी वार, म्हणजे प्लॅसेंटा, ही एक हॉर्मोन फॅक्टरीच असते. तिच्यातून येणारं लॅक्टोजेन, शिवाय वाढलेलं प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल, आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात. हेतू चांगला असतो : रक्तातली साखर आईनंच संपवू नये, बाळालाही मिळावी. बहुतेकींचं स्वादुपिंड ओव्हरटाइम करून जादा इन्शुलिन बनवतं आणि हिशेब जुळतो. काहींचं कमी पडतं. यालाच म्हणतात जेस्टेशनल डायबेटिस. घरात कुणाला मधुमेह असेल, वजन जास्त असेल किंवा पीसीओएस असेल, तर शक्यता वाढते.

पंचाईत अशी, की बहुतेकींना काहीच जाणवत नाही. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्शुलिन वाढवतं आणि गरजेपेक्षा मोठं होतं. डिलिव्हरी अवघड होऊ शकते, जन्मानंतर बाळाची शुगर एकदम उतरू शकते. आईला बीपीचा धोका वाढतो तो वेगळाच.

म्हणून 'मीटिंग आहे, पुढच्या आठवड्यात बघू' हे इथं चालणार नाही. सरकारी गाइडलाइन्सनुसार टेस्ट पहिल्याच व्हिजिटला आणि नॉर्मल आली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटी जायची सक्ती नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर उपचार सुरू.

डबा आणि डेस्क
* जेवण चुकवू नका. थोडं थोडं, पण वेळेवर खा.
* ज्यूसऐवजी अख्खं फळ. डब्यात भात कमी, उसळ-भाजी जास्त.
* डॉक्टरांची ना नसेल तर जेवणानंतर थोडं चाला.
* मनानं डाएटिंग नको. दोन आठवड्यांत शुगर आटोक्यात आली नाही तर डॉक्टर औषध किंवा इन्शुलिन देतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

डिलिव्हरीत वार बाहेर पडली की हॉर्मोन्स उतरतात, बहुतेकींची शुगरही. आणि इथंच सगळ्या फसतात. कारण पुढं टाइप २ मधुमेह होण्याचा धोका शिल्लक असतो. सहा आठवड्यांनी तीच ७५ ग्रॅमवाली टेस्ट पुन्हा करायची असते. बारसं, दुपटी, जागरणं या गडबडीत ती हमखास राहून जाते.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातली एक सकाळ स्वतःच्या नावावर टाका. बाळाच्या लसीची तारीख लिहाल, तिच्याच खाली तुमच्या टेस्टचीही लिहा!