मेंदूच्या लहरी आणि शिक्षकाची नजर

चाकण व पिंपरी-चिंचवड येथील मोटारींच्या कारखान्यांत यंत्राचा हात सुटे भाग उचलून जोडतो, हे आपल्या शाळांतील पुष्कळ मुलांनी पालकांकडून ऐकलेले असते. त्या हाताला हुकूम मिळतो तो विजेच्या संकेताने. असा संकेत थेट मानवी मेंदूकडून मिळू शकेल काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनेतील राहिलेला नाही.

मेंदूतील पेशींचे व्यवहार विद्युत् स्वरूपाचे असतात. असंख्य पेशी एका लयीत काम करू लागल्या म्हणजे डोक्याच्या त्वचेवर क्षीण लहरी उमटतात. त्यांचा दाब विजेरीतील दीड व्होल्टच्या घटाच्या सुमारे ३०,००० व्या भागाएवढाच असतो. जर्मनीतील हान्स बर्गर या वैद्याने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील या लहरी प्रथम नोंदल्या.

१९७३ साली अमेरिकेत झाक विदाल यांनी मेंदू व संगणक यांचा सांधा जोडण्याची कल्पना मांडली. १९८८ साली फारवेल व डाँचिन यांनी ३६ घरांचा अक्षरतक्ता योजिला. त्यातील ओळी आळीपाळीने उजळतात. मनात धरलेले अक्षर उजळले की सुमारे तृतीयांश सेकंदाने विशिष्ट लहर उठते आणि संगणक ते अक्षर ओळखतो. १९९९ साली जर्मनीत, लहरी नियंत्रित करण्याच्या निराळ्या पद्धतीने, सर्वांग लुळे पडलेल्या रोग्यांनी मजकूर लिहिला. चाकांची खुर्ची चालविण्याचेही प्रयोग झाले आहेत.

तथापि, हे विचारवाचन नव्हे. कारखान्याच्या भिंतीबाहेर उभे राहून आवाजावरून पाळी चालू आहे की बंद, एवढे कळते. आत कोण काय बोलतो ते कळत नाही. तसेच हे होय. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला. पुढे २०१० साली, संमतीवाचून अशी चाचणी करणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. चीनमधील एका प्राथमिक शाळेत मुलांचे अवधान मोजण्यासाठी डोक्याला पट्टे बांधण्यात आले होते. लोकांनी आक्षेप घेतल्यावर २०१९ साली तो प्रयोग थांबविण्यात आला.

मग ग्रामीण शिक्षकास या ज्ञानाचा उपयोग कोणता? एखादे मूल वाचता वाचता काही सेकंद थबकते, शून्यात पाहते, हाक मारली तरी ऐकत नाही आणि लगेच पुढे वाचू लागते. दिवसातून अनेकदा असे घडत असेल, तर ते दुर्लक्ष नसून अपस्माराचा एक प्रकार असण्याचा संभव असतो. त्यात मेंदूच्या आलेखावर सेकंदास सुमारे तीन या गतीने टोकदार लहरी दिसतात, आणि बहुतेक मुलांना औषधाने गुण येतो. अशा मुलास शिक्षा करू नये. झटके केव्हा व किती वेळा येतात याची टिपणे ठेवावीत आणि पालकांस समजावून मुलास वैद्याकडे पाठवावे. यंत्र लहर नोंदते. परंतु मुलास त्या यंत्रापर्यंत पोहोचविणारी पहिली नजर शिक्षकाचीच असते.