‘जुळणे’ आणि ‘पटणे’

कोल्हापूरकडे सुपारी फुटली की सोयरीक जुळली असे म्हणतात. या प्रयोगात ‘जुळणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. सोयरीक जुळविणारी वडीलधारी मंडळी वाक्यात कोठेच येत नाहीत. पत्रिकेसंबंधीही हेच क्रियापद योजले जाते. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट व नाडी या आठ कूटांना अनुक्रमे १ ते ८ गुण असून त्यांची बेरीज ३६ होते. निदान १८ गुण जुळावेत, असा संकेत आहे. हे गणित जन्मकालीन चंद्राच्या राशिनक्षत्रांवरून मांडतात. वधूवरांच्या मतास त्यात एकही गुण नाही.

अलीकडे वाङ्‌निश्चय झालेली काही जोडपी असाच निर्णय विवाहपूर्व समुपदेशकाकडे मागतात. मात्र त्यांचा प्रश्न ‘आमचे पटेल का?’ असा असतो, आणि येथे क्रियापद पालटते. ‘जुळले’ ही एकदा घडून पूर्ण झालेली क्रिया. ती तिऱ्हाइतास सांगता येते. ‘पटते’ ही नित्य घडणारी क्रिया. ती त्या दोघांच्या वर्तनानेच सिद्ध होते. शिवाय मराठीतील ‘-एल’ हा प्रत्यय भविष्यकाळाप्रमाणे तर्कही दर्शवितो. उदाहरणार्थ, ‘तो एव्हाना घरी पोचला असेल’. म्हणून ‘पटेल’ किंवा ‘पटणार नाही’ हे समुपदेशकाचे उत्तर तर्काच्या पलीकडे जात नाही. त्यावर ठरलेले लग्न मोडणे अथवा मनातील शंका दडपणे, दोन्ही धोक्याचे. पैसा, घरकाम, नोकरी व आईवडिलांची जबाबदारी यांविषयी जो समुपदेशक दोघांना परस्परांशी बोलते करतो, त्याने या क्रियापदाचा अर्थ नेमका ओळखला असे म्हणावे लागेल.