मैदान केवढे, हिशेब कोणाचा?

मिरा रोडच्या शांती नगरात आम्ही कुस्तीशौकीन जमलो, की डब्ल्यूडब्ल्यूईवरून वाद ठरलेला. सप्टेंबर २०२३ मध्ये ही कंपनी हैदराबादला आली, पण उतरली गचीबावलीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये. एवढी मोठी कंपनी आणि मैदान एवढेसे, म्हणजे धंदा बसला, असे एका पक्षाचे म्हणणे. मला हे मोजमापच अपुरे वाटते. आधी पैसा कुठून येतो ते पाहावे.

कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली उभारले. मधोमध मातीचा हौदा, भोवती चढत जाणाऱ्या बैठका. हजारोंना कुस्ती दिसावी अशी रचना. मल्लांना आधार मात्र दरबाराचा. गावच्या जत्रेत इनाम वर्गणीतून येते आणि प्रवेश फुकट. रेवड्यांच्या कुस्त्यांपासून अखेरच्या जोडीपर्यंत रक्कम चढत जाते. तिथे गर्दीने मान वाढतो, गल्ला नव्हे. दारासिंगांच्या कुस्त्यांना तिकीट असे. तिथे प्रत्येक खुर्ची मोलाची.

डब्ल्यूडब्ल्यूईची मोठी कमाई प्रक्षेपण हक्कांची. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला नेटफ्लिक्सचा दहा वर्षांचा करार पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. कॅमेऱ्याला अर्धे रिकामे विशाल मैदान नको, गच्च भरलेले छोटे सभागृह हवे.

आपल्याकडे जत्रांचा हंगाम संपतो. दूध, तूप, बदामाचा खर्च संपत नाही. खासबाग तुडुंब भरले, तरी नुसत्या टाळ्यांवर तालीम चालत नाही. दरबार गेला, बाराही महिने खुराक पुरवणारा त्याचा वारस कोण, हा खरा वादाचा विषय आहे.